पेढा सगळ्यांना, पगारवाढ कोणाला?

विजेची पदविका हातात पडली, त्यानंतर वर्षभर आम्ही एका वीज उपकेंद्रात शिकाऊ उमेदवार होतो. एका दुपारी युनियनचे दोन कार्यकर्ते पेढ्यांचे खोके घेऊन आत आले. पगारवाढीचा करार झाला होता. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातावर पेढा पडला. आमच्या शेजारी एक हेल्पर उभे होते. वय पन्नाशीच्या आसपास. खांबावर चढण्यात त्यांचा हात धरणारा त्या उपकेंद्रात कोणी नव्हता. आम्ही त्यांना सहज विचारले, "काका, तुम्हाला किती वाढ मिळाली?" ते हसले. म्हणाले, "भाई, पेढा मिळाला ना? मी कंत्राटदाराचा माणूस. माझं नाव त्यांच्या करारात नाही."

तेव्हा आम्हाला कळले की एकाच खांबावर दोन माणसे चढतात आणि करार एकाच्याच नावाने होतो. दुसरा युनियनच्या हिशोबात नसतोच. आम्ही शिकाऊ, म्हणून आम्हीही नव्हतो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने शिकाऊ मुलगा हा प्रशिक्षणार्थी ठरतो, कामगार नाही. पण आमचे वर्षभराचे होते. काकांचे आयुष्यभराचे होते.

पुढे आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत आलो, पण तो प्रश्न मनातून गेला नाही. युनियन वाटाघाटीला बसते तेव्हा ती नेमकी कोणाच्या वतीने बसते? ती रेघ कोण आखतो? आपल्या बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत वीजमंडळात नोकरी केलेले कोणीतरी सापडेल. म्हणून या रेघेचा इतिहास आपल्या स्मरणिकेत यावा असे वाटले.

सुरुवात आपल्याच माणसापासून होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्या वेळच्या फॅक्टरी कमिशनकडे गेला. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच चळवळीमुळे. पण त्यांच्या संघटनेला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. सरकारी अहवालाने ही उणीव म्हणून नोंदवली. आज मागे वळून पाहताना त्यातली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. नोंदवही नव्हती म्हणून कोणाला वगळायची सोयही नव्हती. गिरणीत राबणारा तो आपला, एवढाच हिशोब होता.

नोंदवही आली ती १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने. सात माणसांनी अर्ज केला की युनियनची नोंदणी होऊ लागली. पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे हा कायदा म्हणत नव्हता. बोलणी, तडजोड आणि लवाद यांची घडी १ एप्रिल १९४७ पासून लागू झालेल्या औद्योगिक विवाद कायद्याने बसवली. वीज, दिवाबत्ती आणि पाणी पुरवणारे उद्योग त्यात 'लोकोपयोगी सेवा' ठरले. तिथे संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यावर निदान चौदा दिवस थांबावे लागते. म्हणजे या खात्यांत संपाचे हत्यार जपून वापरायचे असते. खरी ताकद वाटाघाटीच्या टेबलावर असते. मग त्या टेबलावर कोणाची बाजू मांडली जाते याला फार महत्त्व येते.

रेघेला दोन टोके आहेत. एक वरचे, साहेबाच्या खुर्चीपाशी. दुसरे खालचे, कंत्राटदाराच्या हजेरीपटापाशी.

आधी वरचे. १९४७च्या कायद्यात कामगार म्हणजे अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम करणारा. मग मीटर तपासणारा, नकाशे काढणारा, पाळीवर देखरेख करणारा कुठे बसायचा? १९५६च्या दुरुस्तीने तांत्रिक कामाचा आणि देखरेखीच्या कामाचा समावेश केला. मात्र देखरेख करणाऱ्याचा पगार महिना ५०० रुपयांच्या वर गेला की तो बाहेर. ही मर्यादा पुढे १,६०० आणि २०१० मध्ये १०,००० रुपये झाली. आमच्यासारख्या पदविकावाल्यांचे आयुष्य याच रेघेवर जाते. ना धड साहेब, ना धड कामगार. न्यायालयांनी या बाबतीत एक शहाणपणाची कसोटी लावली. दारावरच्या पाटीवर काय लिहिले आहे ते पाहू नका, माणूस दिवसभर मुख्यतः काय काम करतो ते पाहा. ज्याला 'पर्यवेक्षक' म्हणतात तो दिवसभर स्वतःच पाना फिरवत असेल, तर तो कामगारच.

याच काळात आसामातल्या एका चहामळ्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. दिमाकुची मळ्यातल्या साहाय्यक डॉक्टरला कामावरून काढले होते आणि मजुरांच्या युनियनने त्याची बाजू घेतली होती. १९५८ मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितले की डॉक्टर हा कामगार नाही आणि त्याच्या नोकरीत मजुरांचे थेट हित गुंतलेले नाही, म्हणून युनियनला त्याचे भांडण लढता येणार नाही. डॉक्टर हरला, पण निकालात एक दार उघडे राहिले. ज्याच्यासाठी लढायचे तो माणूस कायद्याच्या व्याख्येतला कामगार नसला तरी चालेल. लढणाऱ्यांचे हित त्याच्या हिताशी खरोखर जोडलेले मात्र असले पाहिजे.

या दारातून पहिले कोण आत आले? रेघेच्या खालच्या टोकाची माणसे. मुंबईत ट्रॉम्बेला स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीची तेलशुद्धीकरणाची रिफायनरी होती. तिथली साफसफाई आणि देखभाल कंत्राटदाराच्या माणसांकडून करून घेतली जाई. त्यांना पगार कमी, सवलती नाहीत, कंत्राट बदलले की नोकरीची खात्री नाही. त्यांच्यासाठी तंटा उभा केला तो रिफायनरीच्या कायम कामगारांनी. कंपनीचे म्हणणे होते की तुमचा यात संबंध काय? १९६०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संबंध आहे असे सांगितले. काम रोजचे आहे, कारखान्याला आवश्यक आहे, आणि शेजारचा माणूस कमी पैशांत राबत असेल तर त्याचा परिणाम कायम कामगारावरही होतोच.

त्यानंतर १९७० मध्ये कंत्राटी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कंत्राटी पद्धत कुठे बंद करायची हे ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. काम उद्योगाला आवश्यक आहे का, ते बारमाही आहे का, इतरत्र ते कायम कामगार करतात का, पूर्णवेळ माणसे ठेवण्याइतके ते आहे का, हे पाहून सरकारने ठरवायचे. पण बंदीनंतर त्या माणसांचे काय होणार, याबद्दल कायदा गप्प राहिला.

ही गप्प बसलेली जागा उघडी पडली ती आपल्या गुजरातमध्ये. १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि गुजरात वीजमंडळ उभे राहिले. त्याचे मुख्यालय आपल्या बडोद्यात. नवापूर ओलांडून सोनगडकडे आले की तापीवर उकाईचे धरण लागते. धरणाजवळचे औष्णिक वीजकेंद्र १९७६ पासून वीज देऊ लागले. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात कोळशाचे काम एक दिवस थांबून चालत नाही. तरीही वाघिणींतला कोळसा उतरवणे, तो हॉपरपर्यंत पोचवणे अशी कामे कंत्राटदारांच्या माणसांकडे होती. हिंद मजदूर सभेने प्रश्न विचारला. उकाईच्या केंद्रात राबणारी ही माणसे कंत्राटदाराने नेमलेली असली, तरी वीजमंडळाची नोकर आहेत असा हक्क त्यांना सांगता येईल का?

९ मे १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठावर दोन न्यायमूर्ती होते, मुंबई उच्च न्यायालयातून आलेले पी. बी. सावंत आणि गुजरात उच्च न्यायालयातून आलेले एस. बी. मजमुदार. निकाल सावंतांनी लिहिला. त्याआधी वर्षभरच, १९९४ मध्ये, त्यांनी रेघेच्या वरच्या टोकाबद्दल निकाल लिहिला होता. औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, असा तो पाच न्यायमूर्तींचा निकाल. एकाच मराठी माणसाच्या हातून दोन्ही टोकांची मोजणी झाली.

उकाईच्या निकालाचा गाभा साध्या शब्दांत असा. कंत्राट नुसते कागदी असेल, माणसे खरे तर मंडळाचीच असतील, तर ती स्वतः तंटा उभा करू शकतात. कंत्राट खरे असेल, तर मात्र त्यांना एकट्यांना मंडळाविरुद्ध ते दार ठोठावता येत नाही. त्यांच्यासाठी मंडळाच्या कायम कामगारांनी तंटा आपला म्हणून उचलला, तर तो चालतो. निकालाच्या शेवटी न्यायालयाने शिफारशीही केल्या. बारमाही आणि आवश्यक कामांतली कंत्राटी पद्धत उद्योगांनी आपणहून बंद करावी, जमतील तितकी माणसे सामावून घ्यावीत, आणि बंदीनंतरचा प्रश्न सोडवण्यासाठी केंद्राने कायदा सुधारावा.

या निकालाचा अर्थ आम्ही असा लावतो की बाहेरच्याचे दार आतल्याच्या हातात दिले गेले. कायम कामगाराला वाटले तर ते उघडेल. नाही वाटले तर बाहेरचा माणूस किती वर्षे राबला याला फारशी किंमत उरत नाही.

पुढची काही वर्षे पारडे वरखाली होत राहिले. १९९६ अखेरीस एअर इंडियाच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की कंत्राटी पद्धत बंद झाली की ती माणसे आपोआप मूळ मालकाची होतात. पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींनी हे फिरवले. आपोआप काही होत नाही, कंत्राट बनावट आहे हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करा, असे त्यांनी सांगितले. आपल्या वीजमंडळाचेही १ एप्रिल २००५ पासून विभाजन झाले. एका मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, निर्मितीची वेगळी, वहनाची वेगळी, वितरणाच्या चार, आणि त्यांच्यावर एक मुख्य कंपनी. नोकरीच्या पत्रावरचे नाव बदलले. खांब तेच राहिले.

आता २०२०ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एकाहून अधिक युनियन असतील तर ज्या युनियनला आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा, तीच एकटी वाटाघाटी करेल. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांच्या प्रतिनिधींची परिषद बसेल. नियम सुटसुटीत आहे आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेला मान्यतेचा प्रश्न त्याने मार्गी लावला, हे मान्य केले पाहिजे. पण टक्केवारी काढण्याआधी शंभर कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते. इथे शंभर म्हणजे हजेरीपट. उपकेंद्रातल्या काकांचे नाव ज्या हजेरीपटावर होते, तो कंत्राटदाराच्या पिशवीत असायचा.

युनियनची बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. आम्हीही नोकरदार संघटनेचे वर्गणीदार आहोत. कंत्राटी माणसाला बरोबर घ्यायचे तर मागण्या वाढतात, बोलणी लांबतात, आणि आपल्याला मिळणाऱ्या वाढीत भागीदार येतात. आमच्या कचेरीत बाहेरच्या एजन्सीमार्फत आलेली मुले संगणकावर बसतात. आमच्या मागणीपत्रकात त्यांच्याबद्दल ओळ घालावी असे आम्ही एका बैठकीत म्हणालो. "आधी आपलं तर होऊ दे," असे उत्तर आले. आणि आम्ही गप्प बसलो. बोलायला हवे होते.

कारण ट्रॉम्बेच्या कायम कामगारांनीही "आधी आपलं" म्हटले असते, तर १९६०चा निकाल झालाच नसता. आणि आजचा अनुभव उलट दिशेने तेच सांगतो. कमी पगाराची माणसे वाढत गेली की कायम जागा भरल्या जात नाहीत. युनियनचे सभासद निवृत्त होत जातात, त्यांच्या जागी कंत्राटदाराची माणसे येतात, आणि एक दिवस युनियन कोणाच्या वतीने बोलते हा प्रश्न तिलाच पडतो. बाहेरच्याला आत घेणे हा त्याच्यावर केलेला उपकार नाही. त्यात आतल्याचेही हित आहे, दिमाकुचीच्या निकालातली कसोटी हेच सांगते.

आपण मराठी माणसांनी हे लवकर ओळखावे. पिढ्यानुपिढ्या बडोद्यात राहूनही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्याला आजही विचारला जातो. नाव कोणत्या वहीत आहे यावरून माणूस आपला की परका ठरवले, तर काय वाटते ते आपल्या घरांना सांगायला नको.

यंदाही मांडवातली वीज गेली की आपण फोन करू, आणि भर पावसात कोणीतरी शिडी घेऊन येईल. त्याला प्रसादाचा मोदक आपण देतोच. या वेळी बसवून दोन गोष्टी विचारूया. हजेरी कोणाकडे लागते, हातमोजे मिळतात का, पडला तर दवाखान्याचा खर्च कोण देतो. आणि आपल्यापैकी जे युनियनमध्ये, संघटनेत आहेत, त्यांनी पुढच्या मागणीपत्रकात त्याच्यासाठी एक ओळ लिहावी. आम्हीही आमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत ती ओळ पुन्हा मांडणार आहोत, आणि या खेपेला गप्प बसणार नाही. त्या काकांचा पेढा आमच्या अंगावर अजून उधार आहे.

गणपती बाप्पा मोरया!