ओट्सची बरणी आणि घारग्याची न्याहारी



गेल्या श्रावणात आमच्या घरी एका काचेच्या बरणीवरून तीन आठवडे धुसफूस चालली होती. आज त्याबद्दल लिहिते. ओट्स नावाचं धान्य आपल्या स्वयंपाकघरात कुठून आणि कसं आलं, हेही त्या निमित्तानं सांगते.

आमची सून नोकरी करते. धाकट्याच्या वेळेपासून तिची साखर काठावर आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की सकाळी उपाशी घराबाहेर पडायचं नाही. म्हणून तिनं रात्री बरणीत ओट्स, दूध आणि मध घालून फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी मी फ्रिज उघडला आणि बोलून गेले, "रात्रीचं शिळं, आणि वर मध? आपल्या घरात?" ती काही बोलली नाही. तिनं बरणी घासून पालथी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून नुसत्या चहावर बाहेर पडू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिला कामावर चक्कर आली आणि मुलाला फोन आला.

नियमाच्या बाजूनं मी बरोबर होते. 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त समंतभद्राचार्यांनी मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग मूलगुणांतच सांगितला आहे. रात्री भिजवून सकाळी खायचं म्हणजे मर्यादेबाहेरचं, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. पण मी तिच्या पुढ्यातली बरणी काढून घेतली आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. ही चूक माझी.

मला माझाच जुना प्रसंग आठवला. १९८६ साली मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मी हौसेनं ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला होता. सासूबाई म्हणाल्या, "केकात अंडं असतं." ओव्हन माळ्यावर गेला. पुढे आत्यांनी कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यापासून बिनअंड्याचा केक करून दाखवला, तेव्हा तो खाली उतरला. मधली दोन वर्षं मी मनातून रुसलेली होते. तेच मी आता सुनेला दिलं होतं.

मग मी ठरवलं, आधी हे ओट्स प्रकरण नीट समजून घेऊ.

ओट्स हे मुळात कोणी मुद्दाम पेरलेलं धान्यच नव्हे. पश्चिम आशियात गहू आणि सातू पिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या शेतात तण म्हणून हे उगवायचं. गहू-सातूच्या बियाण्यात मिसळून ते युरोपात गेलं. तिथल्या थंड, ओल्या हवेत गहू मार खायचा आणि हे तण मात्र जोमानं वाढायचं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी ते स्वतंत्र पीक म्हणून धरलं. तरी मान कमीच. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशात असा टोमणाच आहे की हे धान्य इंग्लंडात घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसं. आपल्याकडेही उत्तरेत ह्याला जई म्हणतात आणि ती मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठी पेरतात. ह्यांनी पहिल्यांदा पाकीट पाहिलं तेव्हा "हे तर घोड्याचं खाणं" म्हणाले, ते काही अगदीच चूक नव्हतं.

हे खाणं माणसांच्या ताटात आलं ते व्यापाऱ्यांमुळे. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हा भाग मला फार आवडला. फर्डिनंड शूमाकर नावाचा जर्मन किराणा दुकानदार अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रनला येऊन स्थायिक झाला. १८५० च्या दशकात त्यानं ओट्सची गिरणी काढली. तिथल्या यादवी युद्धात सैन्याची मागणी आली आणि धंदा वाढला. ओट्समध्ये गव्हापेक्षा तेल बरंच जास्त असतं, आणि ते तेल फोडणारं द्रव्यही दाण्यातच असतं. म्हणून नुसतं दळून ठेवलं तर पीठ लवकर खवट होतं. त्यावर उपाय म्हणजे दाण्याला वाफ द्यायची, तापवायचं. पुढे १८७० च्या दशकात वाफवलेले दाणे रुळांतून दाबून त्यांचे पोहे करायची पद्धत आली. आपण पाकिटातून काढतो ते हेच. आपल्या पोह्यांचंच भावंडं म्हणा ना. चपटा दाणा लवकर शिजतो, आणि एकदा वाफवलेला असल्यानं टिकतोही.

त्याआधी किराणा दुकानात ओट्स उघड्या पिंपातून मापून मिळायचे. त्यात किडे, धूळ, काय वाटेल ते. १८७७ साली ओहायोतल्याच दुसऱ्या एका गिरणीनं क्वेकर माणसाचं चित्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. साधी राहणी आणि चोख व्यवहार ही त्यांची ख्याती. गिरणीवाले स्वतः त्या पंथाचे नव्हते, पण लोकांच्या मनातला विश्वास त्यांनी चित्रातून घेतला. कॉलेजात 'गुडविल' शिकले होते, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला तेव्हा कोणी दिलं नव्हतं. १८८१ मध्ये हेन्री क्रोवेल यांनी ती गिरणी विकत घेतली आणि बंद पुठ्ठ्याच्या डब्यात माल विकायला सुरुवात केली. १९०१ मध्ये क्वेकर ओट्स कंपनी उभी राहिली. डब्यावर पाककृती छापायची युक्तीही त्यांचीच. घोड्याचं धान्य अशा रीतीनं घराघरांतली न्याहारी झालं.

म्हणजे मैत्रिणींनो, त्या काळी तिथल्या बायकांनाही हाच प्रश्न होता: ह्यात काय आहे आणि हे स्वच्छ आहे का? आपण धान्य शोधून घेतो, पाणी गाळून घेतो, त्यामागेही हाच प्रश्न आहे, फक्त आपल्याकडे त्यात जीवदयेचा विचार पहिला. सीलबंद डब्यावर चित्र आहे म्हणून माझं समाधान होत नाही. ओट्स मी अजूनही ताटात पसरून निवडून घेते.

आता रात्री भिजवण्याकडे येते. ही चाल स्वित्झर्लंडची. डॉक्टर मॅक्स बिर्चर-बेनर यांनी १९०४ साली झुरिकच्या टेकडीवर आरोग्यधाम काढलं. तिथे ते रोग्यांना किसलेल्या सफरचंदाचं एक मिश्रण देत. त्यात ओट्स फक्त एक चमचाभर, ते बारा तास पाण्यात भिजवलेले. वर लिंबाचा रस, कंडेन्स्ड मिल्क आणि कुटलेले बदाम किंवा अक्रोड. मुख्य पदार्थ सफरचंद, ओट्स नावापुरते! आजच्या 'ओव्हरनाइट ओट्स'चं मूळ हे. कंडेन्स्ड मिल्क वाचून मला हसू आलं. ज्या डब्यानं माझा ओव्हन माळ्यावरून उतरवला, तो झुरिकच्या डॉक्टरांच्या फडताळातही होता.

पण ओट्स भिजवलेच पाहिजेत असं कुठे आहे? अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या आमिश लोकांत ओट्स भट्टीत भाजून न्याहारीला खायची जुनी रीत आहे. ते सगळं ताजं, सकाळच्या सकाळी. अडचण एकच की त्यात अंडी असतात. २०२१ च्या सुमारास हेच थोडं बदलून जगभर मोबाइलवर फिरलं. ओट्स मिक्सरमधून काढायचे, फुगण्यासाठी बेकिंग पावडर घालायची आणि केकसारखं भाजायचं. त्यात एखाद्या गोड पदार्थाची चव आणायची. कोणी चॉकलेट केकची आणतं, कोणी गाजर केकची. अंड्याच्या जागी कुस्करलेलं केळंही चालतं, हे त्यातच कळलं. रात्रीचं शिळं नाही, अंडं नाही आणि गोडव्याला मध हवाच असंही नाही. मला वाट सापडली.

सुनेच्या मोबाइलमध्ये गाजर केकची कृती होती. युद्धकाळात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर गेली, ८ जानेवारी १९४० पासून, आणि तिथल्या सरकारनं गाजर खा, गाजराचे गोड पदार्थ करा असा मोठा प्रचार केला. साखर नाही तर गाजराची गोडी, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे गाजर कंदमुळात. पण हिशेब आपणही करू शकतो. गोड, मऊ, केशरी रंगाचं आणि जमिनीच्या वर येणारं काय? लाल भोपळा! आणि लाल भोपळा, गूळ, वेलची म्हणजे आपले घारगे. चव शोधायला लांब जावंच लागलं नाही.

इथे एक गंमत सांगते. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचेपर्यंत आपल्या कुठल्याच पूर्वज बाईनं तो पाहिला नव्हता. आपला जुना तो दुध्या. बाहेरून आलेल्या ह्या भोपळ्याला आपल्या बायकांनी कधीतरी पारखलं असणार: कंद नाही, जमिनीखाली वाढत नाही, चिरून आत पाहता येतं. मग त्याला घरात घेतलं आणि त्याचे घारगे केले. आज ते परके वाटतात का? नवं म्हणून नाकारायचं, असं आपल्या श्रावकाचारात कुठे नाही. पारखून घ्यायचं, एवढंच आहे. बरणी पाहिली त्या सकाळी मी पारखलं नाही, नुसतं नाकारलं.

तर ही कृती, दोघींपुरती. एक वाटी लाल भोपळ्याचा कीस चमचाभर तुपात परतून मऊ करा. दोन चमचे चिरलेला गूळ घालून विरघळू द्या आणि उतरवून गार करा. एक वाटी जाडे ओट्स निवडून घ्या. त्यातले अर्धेच मिक्सरमधून काढा, अर्धे तसेच ठेवा. पीठ जितकं बारीक तितकी साखर रक्तात लवकर चढते, म्हणून सगळं दळू नका. एक पिकलेलं केळं कुस्करून घ्या. सगळं एकत्र करून पाऊण वाटी गाळलेलं पाणी, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ घाला. शेवटी एक लहान चमचा बेकिंग पावडर घालून लगेच तूप लावलेल्या भांड्यात ओता. वर बदामाचे काप. १८० अंशावर पंचवीस ते तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर ताटली ठेवून, झाकून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झालं. मी ओव्हन लावते आणि णमोकाराची माळ घेऊन बसते.

काही सूचना. दही घातलं की जास्त मऊ होतं म्हणतात, पण दही आणि गूळ एकत्र आपल्याकडे चालत नाही, म्हणून पाणीच बरं. वरून अंजीर घालायचा मोह होईल, तर पाच उदुंबर फळं आठवा. ओट्सचं पीठ करून साठवू नका. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, तीच ह्यालाही लावावी. लागेल तेवढंच दळायचं. ज्या बहिणी व्रती आहेत किंवा पाकीटबंद वस्तू घेत नाहीत, त्यांनी हा पदार्थ सोडून द्यावा. हीच चव ज्वारीच्या घरी दळलेल्या ताज्या पिठातही येते, फक्त थोडी दडस होते.

आणि गूळ म्हणजे औषध नव्हे. साखरेच्या रुग्णाला तो साखरेसारखाच मोजून द्यायचा, केळंही त्यात धरायचं. ओट्सचा गुण आहे तो त्यातल्या चिकट तंतूंचा. दिवसाला असे ३ ग्रॅम तंतू पोटात जाण्याचा हृदयाला फायदा होतो, असं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं १९९७ मध्ये परवानगी दिली. एका वाटीत तेवढे भरत नाहीत, पण सुरुवात चांगली होते.

पहिल्या दिवशी मी ते ताटलीत काढून सुनेसमोर ठेवलं आणि म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले. आधी विचारायला हवं होतं." तिनं घास घेतला आणि म्हणाली, "आई, हे तर घारगे आहेत." मग तिनंच दुसरा तुकडा ह्यांना दिला. ह्यांनी घोड्याचा विषय काढला नाही.

आता बहुतेक सकाळी मी भोपळा किसते आणि ती ओव्हन लावते. तिची साखर किती उतरली ते पुढच्या तपासणीत कळेल. ती उपाशी बाहेर पडत नाही, एवढं मला आज पुरे आहे. तुमच्याकडे सुनेनं किंवा लेकीनं असं काही नवं आणलं असेल आणि तुम्ही ते पारखून आपल्या घरात बसवलं असेल, तर मला जरूर कळवा. पुढच्या वेळी दुधी हलव्याच्या चवीचं करून पाहणार आहे.