उपासनेची भाषा

म्हैसूर शहराच्या उत्तर अंगाला गोकुलम नावाची वस्ती आहे. समजा, नगरकडचा एखादा बावीस-तेवीस वर्षांचा ख्रिस्ती तरुण नोकरीच्या निमित्ताने तेथे खोली घेऊन राहिला आहे. रविवारी सकाळी तो उपासनेला जातो. उपासना कानडीत असते, नाही तर इंग्रजीत. शास्त्रपाठ ओळखीचा, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तोच, दानाची थैलीसुद्धा तशीच फिरते. पण गाणे सुरू झाले की हा तरुण ओठ मिटून उभा राहतो. गावी ज्या अभंगावर त्याची आजी टाळ धरते, तो येथे कोणालाच ठाऊक नसतो. हे एकटेपण आजच्या धावपळीने निर्माण केले असे आपल्याला वाटेल. वास्तविक ते चारशे वर्षांचे जुने आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि पुढची चाळीस वर्षे तेथेच राहिला. १६१६ साली रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती श्रोता मोठी मार्मिक तक्रार करतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला काय दिलेत, असा त्याचा आशय आहे. परदेशी धर्मोपदेशकाने ही तक्रार स्वतःच्याच ग्रंथात नोंदवावी आणि तिचे उत्तर ओवीत द्यावे, यातच त्याचा मोठेपणा दिसतो. राज्यकर्त्यांना मात्र ते उत्तर मानवले नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला.

मराठी उपासनेचा धागा पुन्हा घट्टपणे हाती येतो तो एकोणिसाव्या शतकात. त्या काळच्या ख्रिस्ती तरुणाचे आयुष्य कसे असे, हे जाणून घ्यावयाचे असेल तर बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे १८८८ सालचे आत्मचरित्र उघडावे. बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. कासार जातीचे सुखवस्तू घर. आई व्रतवैकल्यांत रमणारी. मिशनच्या शाळेत शिकता शिकता, आणि पुढे मुंबईस परमहंस मंडळीत वावरता वावरता, या मुलाच्या मनात वादळ उठले. १८५४ साली बेळगावात त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. धर्मांतर केल्याने वारसाहक्क जाऊ नये असा कायदा सरकारने १८५० सालीच केलेला होता. परंतु कायदा वाटणी मिळवून देईल, पंगतीतले पान कसे मिळवून देणार? ज्याच्या हातचे पाणी घरात चालत नाही, त्याला घर असून नसल्यासारखेच. पुढे १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मांडणाऱ्या या लेखकाला, उंबऱ्याबाहेर पडलेल्या माणसाचे मन आतून ठाऊक होते, असे मला नेहमी वाटते.

अशा तरुणाला मंडळी हेच घर. तेथेच स्नेही जोडावयाचे, तेथेच लग्ने जमावयाची, आजारपणात धावून यावयाचे तेही त्याच माणसांनी. पण या नव्या घरात गावयाचे काय?

१८३३ साली नगरला अमेरिकन मिशनची पहिली मंडळी स्थापन झाली. तेथील रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांनी मोठ्या कळकळीने मराठी गीतांची पुस्तके तयार केली. चाली मात्र पुष्कळशा पाश्चात्त्य. आता, पाश्चात्त्य चाल आघातावर चालते आणि मराठी पद्य अक्षरांवर व ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रांवर. चालीला जेथे लांबण हवे तेथे नेमके ऱ्हस्व अक्षर यावे आणि शब्दाचा जीव गुदमरावा, असे होई. खेड्यांतून आलेले, अक्षरओळख नसलेले महार-मांग बांधव हे गाणे कसे उचलणार? त्यांच्या कानांत तर अभंग आणि ओवी मुरलेली होती. हे नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ओळखले आणि ते कीर्तनाला उभे राहिले. पूर्वरंगाला शुभवर्तमानातले वचन, उत्तररंगाला उधळ्या पुत्राचे आख्यान, साथीला टाळ-मृदंग. जुन्या वळणाच्या काही मिशनरींना हा प्रकार देवळातला वाटला. तो देवळातला होताच; लोकांना आवडला त्याचे कारणही तेच.

या वाटेवरून सर्वांत दूर गेले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि कवी म्हणून नावारूपाला येत होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी लिहिलेली दोनशेहून अधिक भजने आणि गीते मराठी मंडळ्यांच्या तोंडी बसली. अभंगाला वाद्यवृंद लागत नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे ते चरण ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्या खेपेस उचलतो. शेतावरून संध्याकाळी परतलेल्या पोराला उपासनेत नुसते ऐकणारा राहू न देण्याची ही युक्ती होती.

टिळकांच्या घरातला अनुभव याहून बोलका. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या तरी सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. कोणी घाई केली असती तर कदाचित झालाही नसता! १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात राहावयास आले, पोटच्या मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. मंडळीतल्या पुष्कळांना हे रुचले नाही, आणि त्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. ज्यांनी बाप्तिस्म्यापायी घरदार गमावले, त्यांना उंबरा इतका सखल झालेला कसा पाहवेल? दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले, आणि तो वाद तसाच राहिला.

वसईच्या कॅथलिक तरुणाला मात्र आणखी बराच काळ थांबावे लागले. घरी सामवेदी बोली, शाळेत मराठी आणि मिस्सा लॅटिनमध्ये, असा त्याचा तिपेडी संसार होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडले, तेव्हा कोठे वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. तोवर आज्यांनी आपल्या प्रार्थना पाठ करून ठेवल्या होत्या. अर्थ विचारणाऱ्या नातवंडांना त्या काय सांगत असतील, देव जाणे.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ज्यांना लहानपणी शाळा ठाऊक नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहीत नेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, ते प्रसिद्ध झाले. टिळकांच्या कर्मभूमीला, नगरला, २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. तेथून रविवारी दुपारी गोकुलमच्या त्या तरुणाला आईचा फोन येतो. जेवलास का, हे विचारून झाले की तिचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो : आज मंडळीत कोणते गीत म्हटले रे?