रेताड मातीतील भुयारी कोठी : खोदकाम, आधार आणि भराव

जमिनीत खणून, वर छत घालून आणि मातीने झाकून केलेल्या लहान खोलीला भुयारी कोठी म्हणता येईल. बी-बियाणे, कंद व भाजीपाला साठवण्यासाठी किंवा कडक उन्हात आसरा म्हणून अशी कोठी शेतावर स्वहस्ते बांधली जाते. आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि थंडीत दहाच्या खाली उतरतो. जमिनीत दोन-तीन मीटर खोलीवर मात्र ऋतूंमधील हा फरक बराच कमी होतो. कोठीची उपयुक्तता याच गुणात आहे.

ही कल्पना या भागाला नवी नाही. धान्य साठवण्याच्या जमिनीतील खड्ड्याला मराठीत पेव आणि तेलुगूत पातर म्हणतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना हे दोन्ही शब्द परके नाहीत. मात्र पेव कोठेही खणले जात नसे. ज्या मातीची भिंत आधाराविना उभी राहते आणि ज्या ठिकाणी पावसाळ्यातही पाणी वर येत नाही, अशीच जागा त्यासाठी निवडली जाई. रेताड मातीत या दोन्ही अटी सहसा पाळल्या जात नाहीत.

मातीची ओळख

जिल्ह्याच्या बऱ्याच भागात बेसाल्टपासून बनलेली काळी कापसाची जमीन आहे. पैनगंगेच्या आणि ओढ्यांच्या काठी मात्र वाळू व गाळाचे थर आढळतात. एकाच शेतात वर काळी माती आणि खाली वाळू, असेही घडू शकते. म्हणून ज्या खोलीपर्यंत खणायचे आहे, तेथपर्यंतची माती आधी तपासावी. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती आणि उरलेले पाणी घालून बरणी जोराने हलवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो आणि चिकणमाती दिवसभर गढूळ राहते. तळाचा वाळूचा थर निम्म्याहून अधिक भरला, तर ती माती रेताड समजावी.

वाळूची फसवणूक

कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावरच स्थिर राहते. ओलसर वाळूची भिंत मात्र उभी कापली तरी काही काळ टिकते, कारण कणांमधील पाण्याची पातळ पटले कणांना एकत्र धरून ठेवतात. हा आधार तात्पुरता असतो. उन्हाने वाळू सुकली की तो नाहीसा होतो, आणि पावसाने ती पूर्ण भिजली तरीही नाहीसा होतो. सकाळी भक्कम दिसलेली भिंत दुपारी कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळते, त्याचे कारण हेच आहे.

एक घनमीटर ओल्या वाळूचे वजन दोन टनांच्या जवळपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला मनुष्य तोंड मोकळे असूनही गुदमरू शकतो, कारण श्वासागणिक सैल होणारी छाती पुन्हा फुगवण्यास वाळू जागा देत नाही. मदतीस उतरणारा त्याच भिंतीखाली सापडण्याचा धोका मोठा असतो. अशा वेळी स्वतः खड्ड्यात उतरू नये, गाडलेल्यास दोरीने किंवा यंत्राने ओढू नये आणि तत्काळ ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

उतार की आधार

दीड मीटरहून खोल चर आधाराविना ठेवू नये, हा खोदकामातील सर्वमान्य नियम आहे. रेताड मातीत त्याहून उथळ खड्ड्यातही सावध राहावे. आधार द्यायचा नसल्यास प्रत्येक मीटर खोलीस दीड मीटर आडवा उतार ठेवावा लागतो. तळाशी अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा घेतला, तर उभ्या भिंतींनी साडेसात घनमीटर माती निघते. सुरक्षित उतार ठेवल्यास वरचे तोंड साडेआठ गुणिले साडेसात मीटर होते आणि सुमारे ५५ घनमीटर माती काढावी लागते. सातपटींहून अधिक वाढलेले हे श्रम टाळण्यासाठीच भिंती उभ्या कापण्याचा मोह होतो.

दुसरा मार्ग फळ्या, उभे वासे आणि आडव्या टेकूंचा आहे. त्याची आखणी जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावी. टेकू वरून खाली, खोदकामाबरोबरच बसवावेत. खड्डा पूर्ण खणून मग टेकू लावण्यासाठी आत उतरणे सर्वांत धोक्याचे ठरते. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावी. ट्रॅक्टर जवळ आणू नये, शिडी नेहमी खड्ड्यातच ठेवावी आणि एक मनुष्य सतत काठाबाहेर हजर असावा.

पाणी

कोठीचा तळ पावसाळ्यातील भूजलपातळीच्या वर असला पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या विहिरीत पाणी किती वर येते, हे आधी पाहावे. पाणी भरल्यास वाळूची पकड जाते आणि बंदिस्त कोठी रिकाम्या घागरीसारखी वर उचलली जाऊ शकते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्याची पेवे प्रसिद्ध होती. त्यांपैकी अनेक पेवे कृष्णेच्या २००५ च्या महापुरात निकामी झाली. नदीकाठी अर्धी जमिनीत व अर्धी वर, बाहेरून मातीचा उतरता बांध घातलेली कोठी हा अधिक शहाणपणाचा पर्याय आहे. त्यात खोदकाम जेमतेम एक मीटर करावे लागते.

छत आणि भराव

छतावर ६० सेंटिमीटर मातीचा थर घातला, तर प्रत्येक चौरस मीटरवर एक टनाहून अधिक भार येतो. राहत्या घराची फरशी वापराच्या साधारण २०० किलोच्या भारासाठी आखलेली असते. त्यामुळे घराच्या स्लॅबचा अंदाज येथे लागू पडत नाही. लाकडी बल्ल्यांवर घातलेले छत तर वाळवी व ओल यांमुळे आतून पोकळ होते आणि बाहेरून ते दिसत नाही.

भिंतींना पुरेसे बळ येण्याआधी भराव घालू नये. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. चारही बाजूंनी तो सारखाच वाढवावा, कारण एका बाजूचा ढीग विरुद्ध भिंत ढकलतो. टेकू काढायचे झाल्यास ते खालून वर, भरावाबरोबर काढावेत. काळी माती भरावासाठी वापरू नये. ती पावसात फुगून भिंतींवर दाब देते आणि उन्हाळ्यात भेगाळून पाण्याला वाट करून देते. भिंतीलगत वाळू, त्यावर जाड प्लास्टिकचे आच्छादन आणि सर्वांत वर बाहेरच्या दिशेने उतरता मुरूम, ही रचना योग्य ठरते.

हवा

बंद पेवात धान्याच्या श्वसनामुळे प्राणवायू घटतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणूनच पेव उघडल्यावर काही तास मोकळे ठेवून मगच त्यात उतरण्याची रीत होती. खाली सोडलेला दिवा विझला तर उतरू नये, हे खरे आहे. परंतु दिवा तेवत राहिला म्हणून हवा निर्धोक ठरत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड त्यातून कळत नाही. कोठीस एक झरोका तळाजवळ आणि दुसरा छताजवळ असावा. आत चूल, शेगडी किंवा जनरेटर कधीही लावू नये. माणसांच्या आसऱ्यासाठी कोठी वापरायची असल्यास बाहेर पडण्याची दुसरी वाट अनिवार्य आहे.