तुटलेला बंध

चेन्नईतील गिंडी येथे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान इ. स. १७७७ मध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये तामिळनाडू शासनाने त्याचा भाडेपट्टा रद्द केला. तोवर तेथे मद्रासच्या अनेक पिढ्यांनी पैजा लावल्या. शर्यतीच्या घोड्याचे सारे मोल त्याच्या पायांत असते. पायातील कंडरा अथवा संधिबंध तुटला, की कालचा विजयी वारू आज धन्याला भार होतो. म्हणून तुटलेला बंध आपल्या आपण सांधतो काय, हा प्रश्न अशा प्रत्येक मैदानाचाच होता.

गिंडीच्या दहाच वर्षे आधी, १७६७ मध्ये, लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांची टाचेवरची कंडरा तुटली. त्या निमित्ताने त्यांनी कुत्र्यांच्या कंडरा छेदल्या आणि काही काही काळाने त्या तपासल्या. तुटलेली टोके नव्या ऊतकाने जोडली जातात, असे त्यांना दिसले.

तबेल्यांना मात्र इतका धीर नव्हता. तेथे उपाय एकच, तापल्या लोखंडाचा डाग! आपल्या खेड्यांतही गुरांना असा डाग देत. डागलेल्या घोड्याला पुढे कित्येक महिने विसावा मिळे. तो बरा झाला, की श्रेय डागाला जाई, विसाव्याला नव्हे. १९८३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ही गाठ सोडवली. डागाने कंडरा अधिक चांगली भरून येत नाही, हे त्यांतून दिसले. तोवर किती मुक्या जनावरांनी ती वेदना फुकट सोसली असेल!

गुडघ्याचे प्रकरण याहून अवघड. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला लोक गुडघा म्हणतात, ते खरे तर त्याचे मनगट. खरा गुडघा मागच्या पायात, पोटाशी दडलेला. या सांध्याच्या आतल्या अंगाला, पण पोकळीबाहेर, जो बंध असतो तो बहुधा आपणहून भरतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत, ज्या कुत्र्यांचा हा बंध न शिवता पाय मोकळा ठेवला, त्यांचा बंध शिवून जखडून ठेवलेल्यांपेक्षा सरस भरला. म्हणजे नुसता विसावाही पुरेसा नाही, बेताची हालचाल हवी. तरीही सशांवरील अभ्यासांत दिसले, की भरलेल्या जागी व्रणाचेच ऊतक राहते. त्याचे तंतू बारीक असतात आणि मूळची बळकटी परत येत नाही.

सांध्याच्या पोकळीत आडवे-तिडवे गुंफलेले बंध मात्र हट्टी. तेथील द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही; त्यामुळे दोन टोकांमध्ये पूलच बांधला जात नाही, आणि टोके आखडून परस्परांपासून दूर जातात. बोस्टनच्या मार्था मरे यांनी तो पूल बाहेरून देऊन पाहिला. रक्तात भिजवलेला, प्राण्यांच्या कोलॅजेनचा स्पंज त्यांनी डुकरांच्या गुडघ्यात टाक्यांबरोबर बसवला, तेव्हा बंध सांधू लागला. माणसांवरील चाचण्यांनंतर २०२० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली.