उद्योग आणि जीवनाचे सार्थक : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्राचा बोध

जीविका आणि जीवन हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात. परंतु त्यांच्या अर्थांत फार अंतर आहे. पोट भरण्याचे साधन ती जीविका. आणि आपण कशासाठी जगलो, या प्रश्नाला उतारवयात जे उत्तर देता येते, ते जीवन. आमचे सारे आयुष्य अध्यापनात गेले. वर्गातील मुलांना 'पुढे काय करणार?' असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असे : 'नोकरी करणार.' कोणती नोकरी, हे त्यांस ठाऊक नसे आणि त्याची त्यांस चिंताही नसे. पालकांची अपेक्षाही त्याहून निराळी नसे. नोकरी वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आम्ही स्वतः नोकरीच केली आणि तीत समाधान पावलो. परंतु स्वतःचा उद्योग उभारणे हा केवळ धनिकांचा किंवा द्रव्यलोभी मनुष्यांचा मार्ग होय, अशी जी समजूत आपल्या घराघरांतून रुजली आहे, ती इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजे. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला अल्पसा प्रयत्न आहे.

उद्योगधंद्याचा उपदेश महाराष्ट्राला नवा नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातील आपल्या पत्रांतून समाजाच्या आळसावर कोरडे ओढले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७२ च्या सुमारास पुण्यात देशी व्यापारावर व्याख्याने दिली आणि १८९० मध्ये तेथेच औद्योगिक परिषद भरविली. सार्वजनिक काका तर १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताची वस्त्रे लेवून गेले. अशा रीतीने विचाराची पेरणी उत्तम झाली होती. तथापि भट्टीपुढे उभे राहून स्वतःचे हात काळे करील, असा सुशिक्षित मनुष्य मात्र विरळाच. अशा काळात ज्यांनी व्याख्यान न देता कृती केली, त्यांत कै. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. शाळेच्या पुस्तकांत लक्ष्मणरावांचे मन फारसे रमले नाही. त्यांचा ओढा दोनच गोष्टींकडे होता, चित्रे काढणे आणि यंत्रांची मोडजोड करणे. चित्रकार व्हावे, या उमेदीने ते १८८५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. ज्येष्ठ बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांनी त्यांस पाठबळ दिले. परंतु सुमारे दोन वर्षांतच एक दारुण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळतच नव्हता! चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता? दुसरा एखादा निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी आपल्यापाशी काय उरले आहे, याचा विचार केला. रंग गेला होता, पण रेषा शाबूत होती. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचा अभ्यास केला आणि त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षकाची जागा मिळविली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. शिक्षकाची जागा, ठरलेले वेतन, मुंबईचे वास्तव्य! मध्यम स्थितीतील कुटुंबास याहून अधिक काय हवे असते? परंतु रेखाचित्रे काढता काढता लक्ष्मणरावांस प्रत्यक्ष यंत्रे हाताळण्याची गोडी लागली होती. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. मुंबईत सायकली खरेदी करून ते बेळगावास पाठवीत. तेथे रामूअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्यास चालविण्याचे शिक्षणही देत. १८८८ मध्ये सुरू झालेले बेळगावचे हे लहानसे दुकान म्हणजेच पुढील विस्ताराचे बीज होय. पुढे संस्थेत बढतीचा प्रसंग आला, तेव्हा त्यांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. अपमानाने दार दाखविले हे खरे. परंतु त्या दाराबाहेरची वाट त्यांच्या स्वतःच्या आवडीने आधीच आखून ठेवली होती. केवळ रागाने नोकरी सोडणारा आणि कामाच्या ओढीने सोडणारा, यांतील भेद तरुणांनी ध्यानात घ्यावा.

बेळगावास त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर हाती घेतला. आमच्या मते त्यांच्या चरित्राचे मर्म या नांगरात आहे. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर ती खोलवर जाऊन उलथून टाकतो. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजले म्हणजे शेतकऱ्याची काय दैना होते, हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तथापि लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्या समजुतीस हसणे सोपे आहे. परंतु ज्याचा एक हंगाम हुकला की घरातील वर्षाचे अन्न जाते, त्याने नव्या अवजारास भ्यावे, यात आश्चर्य ते काय? लक्ष्मणराव त्यांस हसले नाहीत. त्यांची समजूत घालीत राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, आणि १९०३ हे साल उजाडले.

ही दोन वर्षे म्हणजे खरी परीक्षा. माल तयार, गिऱ्हाईक नाही. घरी कुटुंब, बाहेर लोकांच्या शंका. केवळ नफा हेच ज्याचे ध्येय, त्याने या काळात दुसरा धंदा पाहिला असता, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यास कोणी दोषही दिला नसता. लक्ष्मणराव टिकले, कारण आपली वस्तू कोणाच्या उपयोगाची आहे, हे त्यांस स्पष्ट दिसत होते. आयुष्याचे सार्थक विक्रीच्या दिवशी अवतरले नाही. न विकलेल्या नांगराशेजारी उभे राहण्याचे बळ ज्यातून आले, तेच त्यांचे सार्थक. आपली आवड, आपले कौशल्य आणि दुसऱ्याची गरज या तिन्ही गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र येतात, तेथेच मनुष्यास आपले काम सापडते. हे ठिकाण एकांतात विचार करून सापडत नाही. काम करता करता, अडखळता अडखळता ते गवसते. चित्रकलेपासून सायकलीपर्यंत आणि सायकलीपासून नांगरापर्यंत झालेला हा प्रवास कोणी आगाऊ आखून दिला नव्हता.

पुढे नगरपालिकेच्या योजनेमुळे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. या संकटात औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. बाळासाहेब स्वतः कुशल चित्रकार होते. ज्यास रंगांनी दूर लोटले, त्यास एका चित्रकार राजानेच आश्रय द्यावा, हा इतिहासातील मोठा हृद्य योग होय. जमीन म्हणजे निव्वळ माळ. निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट. त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि कालांतराने रेल्वे स्थानकासही तेच नाव मिळाले. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी जिवाभावाने राबले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या मनुष्यांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले. ज्यांस समाजाने टाकाऊ ठरविले, त्यांसही काम दिले की माणूसपण परत मिळते, ही त्यांची श्रद्धा होती. अर्थात एका मनुष्यास सापडलेले कार्य अनेकांच्या आयुष्यास अर्थ देणारे ठरले.

पुढील विस्तार सर्वश्रुत आहे. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली आणि तिच्यातून मराठीतील एक नामांकित मासिक उदयास आले. पंप आणि तेलावर चालणारी एंजिने आली. पुत्र शंतनुराव यांनी हा व्याप देशभर नेला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता एक सावधगिरीचा शब्द. असे चरित्र वाचून प्रत्येकाने उद्या राजीनामा द्यावा, असे आम्ही सुचवीत नाही. उद्योगात उतरलेले सारेच यशस्वी होत नाहीत. कित्येक कर्जात बुडतात आणि त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. शिवाय लक्ष्मणराव एकटे नव्हते. पाठीशी रामूअण्णांसारखा भाऊ होता आणि अडचणीच्या वेळी बाळासाहेबांसारखा दाता लाभला. या दोन आधारांवाचून ती जिद्द कोठवर पुरली असती, कोण सांगू शकेल?

म्हणूनच या चरित्राचा बोध तरुणांइतकाच वडीलधाऱ्यांसाठीही आहे. परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलांचा आपण दरवर्षी सत्कार करतो, हे योग्यच आहे. परंतु एखादा मुलगा पुस्तक बाजूस ठेवून यंत्र उघडून बसतो, एखादी मुलगी घरच्या घरी चार वस्तू करून विकू पाहते. त्यांच्या वाट्यास बहुधा उपहासच येतो. राजांचा काळ गेला. संस्थाने विलीन झाली. यापुढे बाळासाहेबांची भूमिका समाजाने, आणि रामूअण्णांची भूमिका प्रत्येक घरातील थोरल्याने घ्यावयाची आहे. भांडवल देणे सर्वांस शक्य नाही, हे आम्ही जाणतो. पण पहिला नांगर विकला जाईपर्यंत दोन वर्षे धीर धरणे आणि तोवर 'अजून नोकरी का पाहत नाहीस?' असे न विचारणे, एवढे तर प्रत्येक घरास शक्य आहे.