सटवाईची रात्र आणि बाळंतिणीचे मन

१/ पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी जुनी श्रद्धा. त्या रात्री बाळंतिणीजवळ कोणी ना कोणी जागे राही. पण पुढे ती बोलेना, बाळाला जवळ घेईना, तर? 'बाहेरची बाधा' म्हणून विषय मिटे.

२/ लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरने गर्भवती व बाळंतिणींच्या मनोविकारांवर १८५८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दोनच वर्षांनी आपल्याकडे दंडसंहिता आली. तिच्यात वेडाचा सर्वसाधारण बचाव होता; बाळंतिणीचा वेगळा विचार नव्हता.

३/ पालघरवरून जाणारा लोहमार्ग पुढे सुरतेस पोहोचतो. तेथे १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली; नंतर शिक्षा सौम्य झाली. या खटल्यानिमित्त स्त्रियांवर झालेल्या चिखलफेकीने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली.

येथे सावध राहावे. विजयालक्ष्मी मनोरुग्ण होती असे म्हणायला आधार नाही. तिच्यामागे लोकलाजेचे भय होते. (जुन्या माणसांना आजची निदाने चिकटवण्याचा मोह आपल्या पिढीला फार.) मुद्दा इतकाच की, प्रसूतीने मनाचा तोल जाऊ शकतो हे मान्य करणारे कलमच नव्हते. इंग्लंडने १९२२ मध्ये ते स्वतःपुरते केले. आपल्या २०२३ च्या न्याय संहितेतही ते नाही.

४/ कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला, गोव्यात, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातील गर्भवतींचा प्रसूतीनंतरही मागोवा घेतला. २००२ च्या त्यांच्या निबंधानुसार सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. बहुतेकींचे मन प्रसूतीपूर्वीच खचलेले होते. धोका वाढवणाऱ्या गोष्टी: गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे. म्हणजे बाधा बाहेरची नव्हतीच. ती पुष्कळदा घरातलीच होती.

५/ आजारी आईपासून मूल दूर नेणे हा जुना उपाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो उलटवला: आई मनोरुग्णालयात असली तरी तीन वर्षांखालील मूल एरवी तिच्यापासून तोडता येत नाही. तोडलेच, तर त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो.