कोंडाईबारीतून गेलेलं तेल

धुणीभांडी आटोपून, नाहीतर निंदणीवरून घरी येऊन रेडिओ लावला असेल तर जरा टेका. आज आम्ही एका गवताची गोष्ट सांगणार आहोत. गवत आपल्याच डोंगरातलं आहे, आणि त्याच्यापायी आमच्या गटाला मागच्या दिवाळीत चांगलाच फटका बसला. तो कसा बसला, ते पुढे येईलच.

हल्ली शहरातून प्रशिक्षण देणारे येतात, सुगंधी तेलाच्या इवल्याशा बाटल्या मांडतात आणि सांगतात, हे थकव्यावर, हे झोपेवर, हे डोकेदुखीवर. याला ॲरोमाथेरपी म्हणतात. हा शब्द फ्रान्समधल्या रने-मोरिस गातफॉसे या रसायनतज्ज्ञाने रूढ केला. त्याच नावाचं त्याचं पुस्तक 1937 साली निघालं. शब्द तेवढा नवा. गवताचं तेल काढून दुखऱ्या गुडघ्याला चोळणं आपल्या साक्री-नंदुरबारकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय.

ते गवत म्हणजे रोशा. कुणी रोहिष म्हणतं, कुणी तिखाडी. आपल्या परसातल्या गवती चहाची ही बहीणच. पान चुरगळलं की गुलाबासारखा, जरासा तिखट वास येतो. इंग्रजी अमदानीत शास्त्रज्ञांनी त्याला जे लॅटिन नाव दिलं त्यात 'मार्टिनी' असा शब्द आहे. क्लॉड मार्टिन हा फ्रेंच माणूस, इंग्रजांच्या कंपनीच्या फौजेत मोठा अधिकारी. टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात तो घाटावरून जात असताना त्याच्या ध्यानात आलं, की गुरं हे गवत हावरटासारखी खातात आणि मग दुधालोण्यालाही त्याचा वास लागतो. त्याने बी गोळा करून लखनौला नेऊन लावलं, थोडं कलकत्त्याला पाठवलं. तिथल्या कंपनीच्या बागेतल्या रॉक्सबर्ग साहेबाने गवताला मार्टिनचं नाव चिकटवलं. आता, गुरं काय खातात आणि दुधाला कसला वास लागतो हे कुठल्याही गुराखी पोराला किंवा धार काढणाऱ्या बाईला ठाऊक असणारच. पण नाव साहेबाचं लागलं.

आता खानदेशाकडे येऊ. खानदेश जिल्ह्याचं सरकारी गॅझेटियर 1880 साली छापलं गेलं. तेव्हा आजचे धुळे, नंदुरबार आणि जळगाव मिळून एकच जिल्हा होता. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा आणि तळोदा ही रोशा तेलाची ठिकाणं. हंगामात या भागात शंभरावर भट्ट्या पेटायच्या. भट्टीवाले बहुतेक मुसलमान कारागीर. गवत फुलोऱ्यावर आलं, म्हणजे भादवा-आश्विनात, की कामाला सुरुवात व्हायची.

भट्टी कशी असायची ते नीट ऐका, कारण यातली प्रत्येक वस्तू आपल्या ओळखीची आहे. ओढ्याच्या काठाला खणून चूल करायची. तिच्यावर लोखंडाचं नाहीतर तांब्याचं मोठं भांडं. त्यात पाणी आणि गवत भरायचं, वर लाकडी झाकण बसवायचं. वाफ निसटू नये म्हणून झाकणाची फट उडदाच्या पिठाने लिंपायची. झाकणातून बांबूची पोकळ नळी निघायची आणि ओढ्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात शिरायची. खाली जाळ लावला की वाफ गवतातलं तेल घेऊन नळीतून जाते, थंड भांड्यात तिचं पाणी होतं आणि तेल त्या पाण्यावर तरंगतं. ते वरच्यावर काढून घ्यायचं. आजचं स्टीलचं यंत्र लाखाचं असो की दोन लाखांचं, आत चालतं ते हेच. शंभर किलो ओल्या गवतातून तेल मिळतं जेमतेम अर्धा किलो, बऱ्याचदा त्याहून कमी.

आमच्या बैठकीत हे वाचून दाखवत होतो तेव्हा गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी एकदम बोलल्या. त्यांच्या सासूबाई रोशाचे भारे डोक्यावर घेऊन भट्टीवर टाकायला जायच्या. पावली मिळायची की चवली, ते आजींना आठवत नाही. घरी आल्यावर सासूच्या केसांना आणि लुगड्याला येणारा वास मात्र आठवतो. "आम्ही पोरी तिच्या कुशीत झोपायला भांडायचो," आजी म्हणाल्या. त्या लहानपणीच त्या घरात सून म्हणून आल्या होत्या, म्हणून 'पोरी'. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

तर ते तेल जायचं कुठे? कातडी बुधल्यांत भरून, बैलांच्या पाठीवर लादून, कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला. आपण आज एसटीने सुरतेला जातो तोच रस्ता. काही माल मुंबईला जायचा. मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातली बंदरं आणि पुढे इस्तंबूल. युरोपातले व्यापारी या तेलाला 'तुर्की जिरॅनियमचं तेल' म्हणू लागले. तुर्कस्तानात त्याचं एक पानही उगवत नव्हतं! माल पिंपळनेरचा आणि नाव तुर्कस्तानचं, असं कित्येक वर्षं चाललं.

इस्तंबूलला एवढं तेल लागायचं कशाला, हे कळल्यावर आम्ही कपाळावर हात मारला. बल्गेरियात कझानलिक नावाचं गाव आहे, तिथलं गुलाबाचं अत्तर जगभर नावाजलेलं. एक किलो अत्तराला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, म्हणून ते भयंकर महाग. रोशाच्या आणि गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचा एकच सुवासिक घटक असतो. रोशात तर तो भरपूर. म्हणून व्यापारी रोशाचं तेल डिंकाच्या पाण्याबरोबर घुसळायचे, लिंबाचा रस घालायचे, पसरट भांड्यात उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवायचे आणि मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. कधी तर भट्टीत जाण्याआधीच पाकळ्यांवर शिंपडायचे. आपल्या डोंगरातलं गवत राजवाड्यांपर्यंत पोचलं ते असं, भेसळ म्हणून, गुपचूप.

आणि गंमत पहा, खुद्द रोशा तेलातही भेसळ व्हायचीच. टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल, जे स्वस्त मिळेल ते.

इथेच आमची गोष्ट येते. मागच्या दिवाळीत प्रदर्शनात स्टॉल मिळाला. आम्ही शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून 'शुद्ध रोशा तेल' घेतलं, तीस मिलीच्या बाटल्या भरल्या, वर गटाचं लेबल लावलं. अंतर्गत कर्जातून पैसे उचलले होते. तिसऱ्या दिवशी एक बाई बाटली घेऊन परत आल्या. त्यांनी काही न बोलता पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला आणि कागद आमच्या टेबलावर ठेवून स्टॉल बघत फिरल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा कागदावर भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग तसाच होता. उडून जाणारं तेल असा डाग ठेवत नाही. खाण्याचं तेल मिसळलेलं असलं की डाग राहतो. आम्ही उरलेल्या बाटल्या खाली ठेवल्या आणि जे जे परत आले त्यांना पैसे दिले. कर्ज अजून फिटतंय. लेबल आमचं होतं, मग दोष व्यापाऱ्यावर ढकलून कसं चालेल?

ही कागदाची परीक्षा तुम्हीही करा, पण तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. टर्पेंटाइन आणि रॉकेलही उडून जातं, ते कागदावर सापडत नाही. त्याला नाक लागतं, नाहीतर प्रयोगशाळा.

वापराचंही सांगून ठेवतो. शुद्ध तेल अंगाला तसंच लावायचं नाही. चमचाभर खोबरेलात दोन थेंब, एवढंच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज सुटली, लाल झालं तर सोडून द्या. दमलेल्या पायांना, पाठीला चोळलं की बरं वाटतं, आणि वासाने मनही हलकं होतं, हा आमचा अनुभव. पण गुडघा सुजलाय, ताप आहे, तर दवाखान्यात जायचं. तेल पोटात घ्यायचं नाही, लहान लेकरांच्या हाती लागू द्यायचं नाही, आणि गरोदर बाईने आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारल्याशिवाय वापरायचं नाही.

आता गटात वाद चाललाय. निम्म्या जणी म्हणतात, बँकेचं कर्ज काढून स्वतःची भट्टी लावू, म्हणजे तेल आपल्या डोळ्यांसमोर निघेल. निम्म्या म्हणतात, आधीचं फिटू दे. शिवाय गवत कुठलं? रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतिया मोकळ्या, कोरड्या डोंगरउतारावर येतो, त्याचं तेल भारी. सोफिया ओलसर सखल जागी येतो, त्याचं तेल हलकं. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, आणि आमच्यातल्या कुणालाच ते वेगळे ओळखता येत नाहीत. आजींना येतात. वासावरून, म्हणे, आणि आता डोळ्यांना कमी दिसतं तरी चालेल.

घटस्थापनेनंतरच्या रविवारी त्यांना घेऊन डोंगरावर जायचं ठरलंय. चढ त्यांना झेपायचा नाही, म्हणून एका ताईंच्या दिराची रिक्षा पायथ्यापर्यंत सांगितली आहे. वर आम्ही जाऊ, पेंढी पेंढी खाली आणू, आणि त्या हुंगून सांगतील.